चंद्रावर वाट चुकलेले सहाजण

परिपत्रक आले, की आमच्या शिक्षकदालनात माणसांचे दोन वर्ग पडतात. एक वाचून सही करणाऱ्यांचा आणि दुसरा न वाचता सही करणाऱ्यांचा. मी दुसऱ्या वर्गातला. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात आपण कशावर सही करून बसलो आहोत, हे मला बसमध्ये बसल्यावर कळले. ‘समूहाने प्रश्न सोडविणे व दडपणाखाली निर्णय घेणे : तीन दिवसांचे निवासी शिबिर.’

मनात म्हटले, आता हेही शिकायचे राहिले होते काय? परीक्षेच्या सकाळी प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा फोडावा आणि आतून भलत्याच विषयाच्या प्रश्नपत्रिका बाहेर पडाव्यात, बाहेर चारशे मुले आणि घड्याळात अकराला पाच कमी, हा प्रसंग ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला दडपण म्हणजे काय ते सांगायला शहरातून माणूस कशाला आणावा? परंतु प्राचार्यांची आज्ञा. शिवाय जेवणखाण उत्तम आहे, अशी बातमी ग्रंथपालांनी आणली होती, आणि ग्रंथपालांच्या बातम्या सहसा खोट्या ठरत नाहीत.

मार्गदर्शक म्हणून आलेले गृहस्थ साठीचे, किडकिडीत आणि मितभाषी होते. पूर्वी ते एका विमान कंपनीत वैमानिकांना शिकवीत असत. विमान कसे चालवावे हे नव्हे, तर विमान चालविताना एकमेकांशी कसे बोलावे, हे! आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. बोलण्यावरच ज्यांचे पोट आहे, त्या आम्हाला बोलायला शिकवायला हे आले होते.

पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येक गटाच्या टेबलावर वीस स्पगेटी ठेवल्या. स्पगेटी म्हणजे आपल्या शेवयांची जरा ताठ मानेची परदेशी बहीण. जोडीला हातभर चिकटपट्टी, तेवढीच दोरी आणि मार्शमॅलो नावाची एक पांढरी, लुसलुशीत मिठाई. अठरा मिनिटांत स्पगेटीचा उंचात उंच मनोरा उभारायचा आणि त्याच्या टोकावर ती मिठाई ठेवायची. पीटर स्किलमन यांनी हा खेळ योजला आणि टॉम वुजेक यांनी तो जगभर नेला.

आम्ही पहिली पाच मिनिटे योजनेवर चर्चा केली. पुढची पाच मिनिटे ती योजना कोणाची, यावर केली. मग मनोरा रचला. सतरावे मिनिट सरताना उपप्राचार्यांनी कळस चढवावा तशी मिठाई टोकावर ठेवली, आणि एखादा वयस्क गृहस्थ आरामखुर्चीत बसावा तसा आमचा मनोरा सावकाश खाली बसला.

वुजेक यांनी हा खेळ अनेक प्रकारच्या लोकांना दिला. त्यांना असे आढळले, की बालवाडीतली मुले व्यवस्थापनशास्त्राच्या ताज्या पदवीधरांहून उंच मनोरे उभारतात. कारण साधे आहे. मुले योजना करीत बसत नाहीत आणि पुढारी कोण, यावरून भांडत नाहीत. मिठाई पहिल्यापासूनच टोकावर ठेवून बघतात, पडली की दुसरे काही करतात. मोठी माणसे एकच परिपूर्ण मनोरा बांधतात आणि तो पडतो हे त्यांना अखेरच्या मिनिटाला कळते.

इथपर्यंत सारी मौज होती. खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी घडली.

*

दुसऱ्या दिवशी आम्हाला चंद्रावर पाठविण्यात आले.

हा खेळ जे हॉल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. 1969 मध्ये माणूस चंद्रावर उतरला आणि त्यानंतरच्या एकदोन वर्षांतच या खेळाचा बोलबाला झाला. तुमचे यान चंद्राच्या उजेडातल्या बाजूवर भलत्याच ठिकाणी आदळले आहे. मूळ यान 200 मैलांवर, म्हणजे सुमारे 320 किलोमीटरांवर आहे. तिथवर पायी पोहोचायचे. शाबूत राहिलेल्या वस्तू पंधरा : काड्यापेटी, सत्त्वयुक्त अन्न, 50 फूट नायलॉनचा दोर, हवाई छत्रीचे रेशीम, शेगडीसारखे तापविण्याचे यंत्र, दोन पिस्तुले, दुधाची भुकटी, प्राणवायूच्या दोन टाक्या, ताऱ्यांचा नकाशा, आपोआप फुगणारी नाव, होकायंत्र, वीसेक लिटर पाणी, प्रकाशाचे इशारे देणाऱ्या नळकांड्या, प्रथमोपचाराची पेटी आणि सूर्यप्रकाशावर चालणारा बिनतारी संच. महत्त्वाप्रमाणे त्यांना एक ते पंधरा क्रमांक द्यायचे. आधी प्रत्येकाने एकट्याने, आपापल्या कागदावर. नंतर सर्वांनी मिळून. वेळ थोडा, मार्गदर्शकांच्या हातात घड्याळ, आणि दर पाच मिनिटांनी ते ‘प्राणवायू संपत आला’ असे शांतपणे सांगत.

आमच्या गटात सहाजण होते : वाणिज्य विभागाचे आमचे उपप्राचार्य, रसायनशास्त्राचे सर, इंग्रजीच्या मॅडम, ग्रंथपाल, मी, आणि भूगोलाच्या एक तरुण बाई. बाईंना येऊन दोन वर्षे झाली होती आणि त्या तासिका तत्त्वावर होत्या. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : जितके तास शिकवाल तितक्या तासांचे पैसे, आणि दर वर्षी जूनमध्ये नव्याने मुलाखत.

प्राणवायू पहिला, पाणी दुसरे, यावर एकमत झाले. काड्यापेटी रसायनशास्त्राच्या सरांनी तळाला ढकलली. हवा नाही तिथे काडी पेटणार कशी? तिसऱ्या क्रमांकाला गाडे अडले. मी म्हटले, “होकायंत्र!” आणि एकदा उभा राहिलो म्हटल्यावर थांबतो कसला? वाट चुकलेल्या माणसाला अन्न देऊन काय करायचे? तो जेवून चुकीच्या दिशेने अधिक दूर जाईल! दिशा प्रथम, मग बाकीचे. माझे हे वाक्य मला फार आवडले. उपप्राचार्यांनी मान डोलावली.

तेवढ्यात भूगोलाच्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, “सर, पण चंद्राला पृथ्वीसारखं...”

मी हसून म्हटले, “मॅडम, हा भूगोल नव्हे, खगोल आहे!”

सगळे हसले. बाईही हसल्या. होकायंत्र तिसऱ्या क्रमांकावर बसले.

मग उत्तरे वाचून दाखविण्यात आली. ती नासाच्या तज्ज्ञांनी दिलेली आहेत. पहिला प्राणवायू, दुसरे पाणी, तिसरा ताऱ्यांचा नकाशा, चौथे अन्न, पाचवा बिनतारी संच. पिस्तुले व नाव यांचा उपयोग माराला किंवा पोहायला नव्हे, तर धक्क्याने स्वतःला पुढे ढकलायला होईल, म्हणून त्या मधल्या क्रमांकांवर. तापविण्याचे यंत्र तेरावे, कारण उजेडाच्या बाजूला थंडीचे भय नाही. काड्यापेटी पंधरावी. आणि चौदावे होकायंत्र. चंद्राला पृथ्वीसारखे सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही. तिथे होकायंत्राची सुई कोणतीच खरी दिशा दाखवीत नाही. बाईंचे अर्धवट राहिलेले वाक्य असे पूर्ण झाले.

प्रत्येक वस्तूचा आपला क्रमांक व खरा क्रमांक यांतला फरक काढायचा आणि पंधरा फरकांची बेरीज करायची. बेरीज जितकी कमी तितके शहाणपण जास्त. पार उलटी यादी लिहिली तर बेरीज 112 भरते. माझी 54 भरली. सहाजणांची सरासरी आली 43, आणि सर्वांनी मिळून केलेल्या यादीची बेरीज 40. म्हणजे एकत्र बसून आम्ही तीन गुणांचे शहाणपण मिळविले. त्या 40 मधले 11 एकट्या होकायंत्राचे होते.

भूगोलाच्या बाईंच्या कागदावरची बेरीज होती 18.

मार्गदर्शकांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले आणि एवढेच विचारले, “ज्या गटाजवळ 18 होते, त्याचे 40 कसे झाले?”

खोलीत कोणी बोलले नाही. दडपणाखाली गट चुकतो तो ज्ञान नसल्यामुळे, अशी माझी समजूत होती. ज्ञान तर टेबलावरच होते. माझ्या कोटीखाली ते दबले होते.

*

हॉल यांनी या खेळाबरोबर गटांसाठी काही सूचनाही दिल्या आहेत, आणि माझ्या मते खेळाहून त्यांची किंमत अधिक आहे. आपल्या मताची वकिली करू नका. कोणीतरी जिंकलेच पाहिजे आणि कोणी हरलेच पाहिजे, असे मानू नका. केवळ वाद मिटावा म्हणून आपले मत बदलू नका. सगळे फार लवकर एकमत झाले तर उलट संशय घ्या. हात वर करून बहुमत, सरासरी, नाणेफेक असल्या सुटकेच्या वाटा टाळा. मतभेद होणारच आणि ते उपयोगी पडतात, असे धरून चाला. ज्या गटांना या सूचना आधी दिल्या, त्यांनी न दिलेल्या गटांपेक्षा चांगले निर्णय केले, असे हॉल यांना प्रयोगांत आढळले.

त्या संध्याकाळी बाई व्हरांड्यात एकट्याच चहा घेत उभ्या होत्या. मी जवळ जाऊन म्हटले, “मॅडम, मी दुपारी जे बोललो ते बोलायला नको होतं. पण तुम्ही वाक्य का सोडलंत? तुम्हाला तर नक्की ठाऊक होतं.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, जूनमध्ये मुलाखत आहे. उपप्राचार्य सर समितीवर असतात. त्यांनी मान डोलावली होती.”

यावर मी काय बोलणार? आम्हा पाचजणांच्या दृष्टीने तो खेळ होता. त्यांच्या दृष्टीने तो पुढच्या वर्षाच्या पगाराचा प्रश्न होता. चंद्रावरचा प्राणवायू खोटा होता. जूनची मुलाखत खरी होती.

*

तिसऱ्या दिवशी मार्गदर्शकांनी विमानांच्या गोष्टी सांगितल्या.

28 डिसेंबर 1978. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराजवळ युनायटेड कंपनीचे एक विमान उतरण्याच्या बेतात असताना चाकांच्या यंत्रणेत बिघाड झाल्याची शंका आली. विमानात 189 माणसे. कप्तान अनुभवी आणि सावध. चाके नीट उतरली आहेत की नाहीत याचा तपास आणि प्रवाशांची तयारी, यांत सुमारे तासभर विमान आकाशात घिरट्या घालीत राहिले. टाकीतले इंधन कमी होत चालले होते. शेजारी बसलेल्या दोघांना ते दिसत होते. त्यांनी तसे सुचविलेही. पण सुचविले इतकेच. ‘आता उतरलेच पाहिजे’ असे ठामपणे कोणी म्हटले नाही, आणि कप्तानांचे मन चाकांत अडकले होते. शेवटी एकेक करून इंजिने बंद पडली. विमान शहराच्या कडेच्या झाडीत कोसळले आणि दहाजण दगावले. त्या बिघडलेल्या विमानात सर्वांत धोकादायक गोष्ट चाके नव्हती. अर्धवट बोलणे होती.

या व अशा अपघातांनंतर 1979 मध्ये नासाने एक परिषद भरविली आणि 1981 मध्ये युनायटेड कंपनीने आपल्या वैमानिकांसाठी नवे शिक्षण सुरू केले. कनिष्ठाने स्पष्ट बोलावे आणि वरिष्ठाने ऐकावे, याचा सराव जमिनीवर, खोट्या विमानात बसून, खोट्या संकटांत पुनःपुन्हा करायचा. आमचे मार्गदर्शक वर्षानुवर्षे हेच शिकवीत आले होते. पहिल्या दिवशी आम्ही ज्याला हसलो होतो, ते हेच.

ही हकीकत ऐकताना सगळ्यांच्या डोळ्यांपुढे विमान होते. माझ्या डोळ्यांपुढे एक ओढा होता.

2012 मधली गोष्ट. मी नोकरीत नवखा होतो. भाद्रपदात वाङ्मय मंडळाची सहल एका किल्ल्यावर गेली. चौतीस विद्यार्थी, चार शिक्षक. सकाळी चढताना वाटेतला ओढा घोट्याएवढा होता. चारच्या सुमारास उतरून आलो तेव्हा तो गुडघ्यापर्यंत आला होता. घाटाखालच्या गावातली दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आमच्यात होती. एरवी ती कधी तोंड उघडत नसे. ती पुढे येऊन म्हणाली, “सर, पाणी गढूळ झालंय. पाला-काटक्या वाहून येतायत. वर पाऊस पडलाय. अर्धा तास थांबून बघू या का?”

आमच्यातल्या वडीलधाऱ्या सरांनी घड्याळ पाहिले. गाडी पलीकडे उभी होती. अंधारापूर्वी घाट उतरायचा होता. मुलींच्या घरी आठपर्यंत पोहोचवू, असा शब्द दिला होता. ते म्हणाले, “गुडघाभर तर पाणी आहे. साखळी करून जाऊ.” आणि आम्हा तिघांकडे वळून, “काय सर?”

पाला मलाही दिसला होता. पाण्याचा आवाज बदलला आहे असेही वाटले होते. मी म्हटले, “हो सर.”

पंचवीसेक जण पार झाले. साखळीच्या मध्यभागी शेवटच्या वर्षाचा एक धिप्पाड मुलगा उभा होता. तो एकेकाला हात देऊन पुढे सोडीत होता. एकाएकी पाणी कमरेपर्यंत चढले. साखळी तुटली. त्याने हातातल्या मुलीला काठाकडे ढकलले आणि स्वतः गेला. साठसत्तर फुटांवर एका उंबराच्या मुळांत तो अडकला, म्हणून आज आहे. परंतु दोन दगडांच्या मध्ये उजवा गुडघा चिरडला होता.

पुढे चौकशी झाली. कागदावर कारण लिहिले गेले, ‘अचानक आलेला पूर’. अचानक! ज्याची खबर एका मुलीने सर्वांसमक्ष वीस मिनिटे आधी दिली होती, त्या पुराला आम्ही सर्वांनी मिळून अचानक ठरविले.

*

त्या मुलाला लष्करात अधिकारी व्हायचे होते. त्याआधीच्या उन्हाळ्यात तो महाविद्यालयाच्या मैदानावर फळ्या, दोर, वासे आणि रिकामी पिंपे जमवून मित्रांबरोबर निवड मंडळाच्या चाचण्यांचा सराव करी. एकदा मी कुतूहलाने थांबलो, तेव्हा त्याने मला सारे समजावून सांगितले होते. मैदानावर रेघा आखलेल्या असतात. मधली जमीन म्हणजे नदी वा दरी समजायची. लाल रंगाला कशाचाही स्पर्श होता कामा नये. तोकडी फळी, थोडा दोर आणि एक ओझे घेऊन सगळ्या गटाने पलीकडे जायचे. वेळ मोजकी. “आणि सर, गंमत म्हणजे तिथं पुढारी नेमतच नाहीत!”

पुढारी न नेमण्याची ही युक्ती दुसऱ्या महायुद्धातली. 1942 मध्ये ब्रिटिश सैन्याने अधिकारी निवडण्यासाठी नवी मंडळे स्थापन केली. घराणे आणि शाळा पाहून अधिकारी नेमण्याची जुनी पद्धत लढाईत अपुरी पडू लागली होती. त्या मंडळांत काम करणाऱ्या विल्फ्रेड बायन या मनोवैद्याने हा पुढाऱ्यावाचूनचा गट योजला. प्रत्येकाला आपण निवडले जावे असे वाटत असते, आणि काम तर सर्वांनी मिळून केल्यावाचून होत नाही. या ओढाताणीत माणूस दुसऱ्याचे ऐकतो की नाही, ते आपोआप दिसते. 1943 मध्ये ही पद्धत हिंदुस्थानात आली आणि आजही आपले अधिकारी अशाच मैदानांवर पारखले जातात. फळी कोणी टाकली याला तिथे महत्त्व असतेच; पण मागच्या कोणाला सुचलेली फळी पुढच्याने टाकू दिली की नाही, तेही परीक्षक पाहत असतात.

त्या मैदानावर जाण्याचा प्रसंग त्या मुलावर आलाच नाही. गुडघ्याने तो रस्ता बंद केला. आज तो तालुक्याच्या गावी पोलीस भरतीच्या मुलांना शिकवितो, आणि थोडा लंगडत चालतो.

*

मार्गदर्शकांची दुसरी गोष्ट पहिलीच्या उलट होती. 19 जुलै 1989. युनायटेड कंपनीचेच दुसरे एक विमान, आत 296 माणसे. शेपटीकडच्या इंजिनातली मोठी चकती उडाली आणि तिच्या तुकड्यांनी विमान वळविणाऱ्या तिन्ही यंत्रणा निकामी केल्या. अशा प्रसंगी काय करावे, हे कोणत्याच पुस्तकात लिहिलेले नव्हते. कप्तान अॅल हेन्स यांनी आपल्याला सर्व कळते असा आव आणला नाही. प्रवाशांत डेनिस फिच नावाचे त्याच जातीच्या विमानाचे प्रशिक्षक होते. त्यांना पुढे बोलावून घेतले आणि उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करून विमान वळविण्याचे काम त्यांच्या हाती दिले. चौघांनी मिळून ते विमान सू सिटीच्या धावपट्टीवर आणले. उतरताना ते मोडले. तरी 184 जीव वाचले. श्रेय देताना हेन्स त्या एकमेकांशी बोलण्याच्या शिक्षणाचे नाव आवर्जून घेत असत.

मराठीचा मास्तर असल्यामुळे मला त्या क्षणी एक शब्द आठवला : बारभाई. ‘बारभाईंचा कारभार’ असे आपण गोंधळाला म्हणतो. परंतु इतिहासातले बारभाई कोण होते? 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, राघोबादादा गादीवर बसले, आणि मागे राहिली एक गरोदर विधवा. त्या पेचात सखारामबापू, नाना फडणीस आणि इतर कारभारी एकत्र आले. त्यांनी गंगाबाईंना पुरंदरावर सुरक्षित नेले. 1774 च्या एप्रिलमध्ये सवाई माधवरावांचा जन्म झाला, आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळवून दिली. एकमेकांवर पुरता विश्वास नसलेल्या माणसांनी, जिवावरच्या दडपणाखाली, मिळून केलेले हे राजकारण होते. ते तडीस गेले आणि आपण त्यांच्या नावाची म्हण करून टाकली ती मात्र घोटाळ्याची! अनेकांनी मिळून ठरविणे याविषयी आपल्या मनात मुळातच अढी आहे की काय, कोण जाणे. ‘पाचामुखी परमेश्वर’ असेही आपण म्हणतो, पण पाचव्या मुखाची पाळी येईपर्यंत पहिले मुख थांबत नाही.

यावर फार जुने औषध आहे. ज्यूंच्या प्राचीन धर्मसभेत देहदंडाच्या खटल्यात मते विचारायला कनिष्ठांपासून सुरुवात करीत. आपल्या सैन्यातल्या लष्करी न्यायालयातही मत आधी सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याचे घेतात. वरिष्ठ आधी बोलला, की बाकीच्यांना मत उरत नाही. उरते ती मान, डोलावण्यापुरती. हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना हे कळले होते. आम्हाला ते कळायला चंद्रावर जावे लागले.

मात्र या खेळांविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दोन दिवस मनोरे रचून आणि दोर ओढून एखादी संस्था शहाणी होते, असे कोणी म्हणेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. वैमानिक हा सराव एकदा करून थांबत नाहीत. तो पुनःपुन्हा करतात, आणि त्यांच्याकडे बोलणाऱ्याला बोलल्याबद्दल शिक्षा होऊ नये याची व्यवस्थाही करावी लागते. खेळात बोललेल्या माणसाला जूनमध्ये त्याची किंमत मोजावी लागणार असेल, तर खेळ लबाड ठरतो.

*

शिबिराहून परतल्यावर मी त्या मुलाला फोन केला. आता त्याला मुलगा म्हणू नये; त्याची स्वतःची मुलगी शाळेत जाते. चंद्राची गोष्ट सांगितली, मग धीर करून ओढ्याचा विषय काढला. म्हटले, “त्या दिवशी मला पाला दिसला होता रे. मी बोललो नाही.”

पलीकडे तो जरा थांबला. मग म्हणाला, “सर, मला पण दिसला होता. पैलतीरावर पोचलेल्यांना विचारा, त्यातल्या निम्म्यांना दिसला असेल. मला वाटलं, चार सर आहेत, त्यांना कळत असेल.” आणि मग हसून, “आता आमच्या पोरांना मी पहिल्या दिवशी तेच सांगतो. दिसलं की ओरडा. चुकलं तर चुकलं.”

जूनमध्ये भूगोलाच्या बाईंची मुलाखत झाली आणि नेमणूकही झाली. जुलैत सहल समितीची बैठक भरली. उपप्राचार्यांनी ऑगस्टमधली तारीख आणि घाटातले ठिकाण दोन्ही ठरवूनच आणले होते. ते कागद पुढे सरकवून म्हणाले, “काय सर?”

तोच प्रश्न, तेच दोन शब्द. मी म्हटले, “आधी भूगोलाच्या बाईंना विचारू. मग ग्रंथपाल. मी शेवटी बोलतो.”

बाईंनी एकदा उपप्राचार्यांकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग वही उघडली. ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर पाऊस किती पडतो, वर पडलेले पाणी ओढ्यांतून किती लवकर खाली येते आणि दोन ठिकाणी आपली परतीची वाट ओढा ओलांडूनच कशी येते, हे त्यांनी सांगितले. वाक्य या वेळी पूर्ण केले. आवाज किंचित कापत होता.

उपप्राचार्यांना ते आवडले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. ते बराच वेळ पेन फिरवीत राहिले. मग त्यांनी तारीख खोडली आणि वर डिसेंबर लिहिले.

बाईंची पुढची मुलाखत येत्या जूनमध्ये आहे. त्या समितीवर माझी नेमणूक व्हावी, असा अर्ज मी प्राचार्यांकडे दिला आहे. या वेळी कागद नीट वाचून सही केली.